गाडीच्या दाराचा गंज

(अंतरवाली सराटी, तालुका अंबड, जिल्हा जालना येथे प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)



आज आम्ही तुमच्याशी एका दाराविषयी बोलणार आहोत. घराच्या दाराविषयी नव्हे, गाडीच्या दाराविषयी.

कोणी म्हणेल, "आमच्याकडं कुठं गाडी हाय?" नसेल. पण पत्र्याची पेटी आहे ना? फवारणीचा पंप आहे? ट्रॅक्टरची ट्रॉली आहे? निदान गोठ्यावर चार पत्रे तरी आहेत. गंजाला आमंत्रण लागत नाही. जिथे लोखंड, तिथे तो न बोलावता येतो. म्हणून ज्याच्याकडे गाडी आहे त्याने ऐकावे, आणि नाही त्यानेही ऐकावे.

शिवाय आता गावोगावी जुन्या गाड्या आल्या आहेत. मोसंबीचे दोन पैसे आले, कापूस विकला, की कोणी दहा वर्षे वापरलेली गाडी घेतो, कोणी पंधरा वर्षांची. वडीगोद्रीला जायचे आहे, काढा गाडी. अंबडला दवाखान्यात जायचे आहे, काढा गाडी. खताची पोती तिच्यातच येतात आणि पाहुणेही तिच्यातच येतात. अशी गाडी घरातले एक माणूसच होऊन बसते. मग माणसाचे दुखणे आपण पाहतो, तसे तिचे दुखणे पाहायला नको का?

आमची फजिती

आधी आमचीच फजिती सांगतो.

आमच्याकडे अशीच एक जुनी गाडी आहे. पाट्या-पुस्तके घेऊन आम्ही तिच्यातून फिरतो. तिच्या मागच्या दाराला, काचेच्या खाली, बाहेरून एक लांब पट्टी आहे. गॅरेजवाले तिला बीडिंग म्हणतात. दिवाळीच्या सुमारास त्या पट्टीच्या टोकाशी रंग फुगलेला दिसला. हरभऱ्याच्या दाण्याएवढा फोड होता. नखाने टोकरला तर आतून तांबडी भुकटी पडली. आम्ही म्हणालो, "एवढंसं तर आहे. पाहू पुढं."

होळीपर्यंत तो फोड वीतभर लांब झाला. मग आम्ही रस्त्यावरच्या एका रंगवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "दोन तासांत नवी करून देतो." त्याने पट्टी काढलीच नाही. वरून थोडे घासले, लांबी भरली, रंग मारला. दार आरशासारखे चमकू लागले. आम्ही खुशीने पैसे दिले. त्या माणसाला आम्ही दोष देत नाही. घाई आम्हालाच होती. "पट्टी काढून आत काय आहे ते दाखव," असे आम्ही त्याला एका शब्दाने म्हणालो नाही.

श्रावण लागला आणि तो रंग पापडासारखा उठला.

भादव्यातल्या एका रात्री एका वस्तीवरून बोलावणे आले. बाई अडली होती. पाऊस लागलेला होता. तिला मागच्या सीटवर निजवून आम्ही दवाखाना गाठला. दारात गाडी उभी केली आणि मागचे दार उघडायला गेलो. दार उघडेना! मूठ हलत होती, पण आतले कुलूप सुटत नव्हते. सासूबाई ओरडल्या, "आवं, उघडा की लवकर!" शेवटी तिला सीटवरून सरकवत सरकवत दुसऱ्या बाजूने बाहेर घेतले. पाच मिनिटे गेली. देवाच्या दयेने माय-लेकरू दोघे सुखरूप आहेत. पण ती पाच मिनिटे आम्ही अजून विसरलो नाही.

दुसऱ्या दिवशी दार आतून उघडून पाहिले. आत ओला चिखल, कुजलेला पाला. कुलपाचा खटका गंजून जाम झालेला. पाणी कोठून आले? त्या पट्टीखालून. आणि आले ते गेले का नाही? कारण दाराच्या तळाची भोके चिखलाने बुजली होती.

म्हणजे पाहा, आम्ही औषध लावले वरच्या रंगाला आणि रोग होता आत. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! आजच्या भाषणातली खरी गोष्ट एवढीच आहे. गंज दिसतो तिथे सुरू झालेला नसतो. पाणी कोठून येते आणि कोठे अडते, ते आधी शोधा. मग हातात ब्रश घ्या.

गंज म्हणजे काय

आता गंज म्हणजे काय ते समजून घेऊ. यासाठी घरच्या घरी एक प्रयोग करता येतो.

काचेच्या तीन बाटल्या घ्या. तिन्हींत एकेक नवा खिळा टाका. पहिल्या बाटलीत साधे पाणी घाला, अर्धा खिळा बुडेल इतके. दुसऱ्या बाटलीत चांगले उकळलेले पाणी घाला, खिळा पुरा बुडेल इतके, आणि वर बोटभर गोडे तेल ओता. पाणी उकळले की त्यात मिसळलेली हवा निघून जाते. वर तेल असले की नवी हवा आत जात नाही. तिसऱ्या बाटलीत पाणी घालूच नका. कळीच्या चुन्याचे दोन कोरडे खडे टाका आणि बूच घट्ट लावा. चुना हवेतला ओलावा ओढून घेतो. चुन्याला उघडा हात लावू नका, आणि मुलांना त्यापासून दूर ठेवा.

आठ दिवसांनी पाहा. पहिला खिळा तांबडा झालेला असेल. दुसऱ्याला पाणी होते पण हवा नव्हती. तिसऱ्याला हवा होती पण पाणी नव्हते. ते दोघे जवळजवळ जसेच्या तसे राहतील.

यावरून काय कळले? लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू, हे तिघे एकत्र आले की गंज होतो. यातला एक काढून घ्या, गंज थांबतो. गाडीतून लोखंड काढता येत नाही. हवा थांबवता येत नाही. म्हणून पाणी अडवायचे. आणि जे पाणी अडत नाही, त्याला बाहेर जायची वाट मोकळी ठेवायची. रंगाचे कामही तेच. रंग शोभेसाठी असतोच, पण त्याआधी तो लोखंडाचा रेनकोट आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. लोखंडाचा गंज झाला की तो दुपटीहून जास्त जागा घेतो. म्हणून तो रंगाखाली फुगतो आणि रंगाला उचलतो. रंग फाटला की आणखी पाणी आत जाते. असे हे चक्र चालू राहते. दुखणे हत्तीच्या पावलाने येते म्हणतात. गंज मात्र मुंगीच्या पावलाने येतो. म्हणून तर तो लवकर ध्यानात येत नाही.

पट्टीखालीच गंज का

कोणी विचारील, सारी गाडी सोडून गंज त्या पट्टीखालीच का धरतो?

त्याची कारणे चार. पहिले, पट्टी आणि दाराचा पत्रा यांच्यामध्ये अगदी बारीक फट असते. त्या फटीत धूळ बसते. आपली काळी माती पाणी किती धरते ते शेतकऱ्याला सांगायला नको. वरचे दार उन्हाने घटकाभरात सुकते, पण फटीतला चिखल दोन दोन दिवस ओला राहतो.

दुसरे, पट्टी क्लिपांनी नाहीतर स्क्रूंनी बसवलेली असते. जिथे क्लिप घासते तिथे रंग निघतो. खालचे लोखंड उघडे पडते.

तिसरे, काच वर-खाली होते तिथे रबर असते. जुने रबर उन्हाने कडक होते, त्याला चिरा जातात. मग काचेवरून ओघळणारे पाणी जास्तच दाराच्या आत उतरते. थोडे पाणी नव्या गाडीच्या दारातही उतरतेच. ते जावे म्हणून दाराच्या तळाशी बारीक भोके ठेवलेली असतात. ती बुजली की दाराचा हौद होतो.

चौथे कारण आपले आपणच तयार करतो. खताची पोती गाडीतून आणतो. पोत्यातून चिमूटभर खत सांडते, ओल्या हाताने दाराला लागते. पोटॅश खत म्हणजे मिठाचाच एक भाऊ. आणि मीठ असले की गंज दुप्पट पायांनी धावतो. समुद्राकाठी लोखंड लवकर खराब होते ते याच कारणाने. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी तुम्ही सिनेमात पाहिल्या असतील. खारी हवा आणि धो धो पाऊस अंगावर घेत त्या वर्षानुवर्षे चालल्या. तिथे टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा होती. २००३ साली नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनीचे दिवस २०२३ च्या ऑक्टोबरात भरले. समुद्राकाठी वीस वर्षे गाडी चालते, तर आपल्या कोरड्या मुलखात तिने का चालू नये? फक्त हात फिरला पाहिजे.

दुरुस्तीची तयारी

मग आम्ही काय केले ते सांगतो. या कामी आपल्या वर्गातल्या चार जणांनी मदत केली. काम दोन दिवस चालले.

कोरडा दिवस निवडा. पावसाळी दमट हवेत रंग धरत नाही. भर दुपारी तापलेल्या पत्र्यावरही रंग मारू नये. वारा सुटलेला नसावा, नाहीतर सारी धूळ रंगावर येऊन बसेल.

सामान असे: पेचकस, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर जाड आणि बारीक दोन्ही, गंजावर लावायचे औषध, प्रायमर, थोडी लांबी, गाडीच्या रंगाचा डबा, थिनर, कागदी टेप, जुनी वर्तमानपत्रे आणि स्वच्छ फडकी.

डोळ्यांना चष्मा लावा. हातात रबरी मोजे घाला. नाकातोंडावर चांगला मास्क बांधा. जुन्या रंगात शिसे असू शकते. ते पोटात गेले तर वाईट, लेकरांना तर फारच वाईट. म्हणून मुलांना जवळ खेळू देऊ नका. थिनरजवळ विडी-काडी नको, चूल नको. काम उघड्यावर करा. हाताला पत्रा लागला तर जखम साबणाने धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचे दवाखान्यात विचारा. धनुर्वात गंजाने होत नाही. गंजलेल्या पत्र्यावर जी माती असते तिच्यात त्याचे जंतू असतात.

काम कसे करावे

आता एकेक पायरी सांगतो.

पहिली पायरी, पट्टी काढणे. काच पूर्ण खाली करा. पट्टीच्या कडेच्या रंगावर कागदी टेप चिकटवा, म्हणजे ओरखडा पडणार नाही. पट्टी कशाने धरली आहे ते आधी पाहा. स्क्रू असेल तर स्क्रू काढा. क्लिपा असतील तर बांबूची पातळ चिपाटी आत सरकवून हळूहळू उचला. लोखंडी पेचकसाने उचकटू नका, पत्र्याला पोचा येतो. कोणता स्क्रू कोठला, कोणती क्लिप कोणत्या बाजूची, ते कागदावर लिहून ठेवा. वर्गातल्या एका काकांनी कागदावर दाराचे चित्र काढले आणि एक, दोन, तीन असे आकडे घातले. परत बसवताना तो कागद फार कामाला आला. लिहायला शिकल्याचा असाही उपयोग असतो.

दुसरी पायरी, धुणे आणि पाहणे. पट्टीखालचा चिखल पाण्याने धुवा. दार पुरते सुकू द्या. मग पेचकसाच्या टोकाने गंजलेल्या जागी हलके ठोका. टणक आवाज आला तर पत्रा शाबूत आहे. टोक आत गेले तर पत्रा खाल्ला गेला आहे. त्याचे पुढे सांगतो.

तिसरी पायरी, घासणे. तारेच्या ब्रशाने सुटा गंज काढा. मग जाड पॉलिश पेपरने घासा, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा. गंजाच्या पलीकडचा बोटभर चांगला रंगही घासा, कारण गंज रंगाखाली सरकलेला असतो. उघड्या लोखंडावर पाणी लावून घासू नका. एका रात्रीत ते पुन्हा तांबडे होईल.

चौथी पायरी, औषध. बारीक खळग्यांत थोडा गंज राहतोच. त्यासाठी दुकानात गंजाचे औषध मिळते. त्यात बहुधा स्फुरदाचे आम्ल असते. तुमच्या खतात जे स्फुरद, त्याच घराण्यातले. ते गंजावर लावले की त्याचा काळपट, टिकाऊ थर होतो. किती वेळ ठेवायचे, धुवायचे की पुसायचे, ते डब्यावर लिहिलेले असते. तसेच करा. बॅटरीतले ॲसिड मात्र कोणी वापरू नये. त्याने हात जळतो, डोळा जातो, आणि फटीत राहिले तर ते लोखंडही खाते. काढलेले लहान स्क्रू गंजले असतील तर व्हिनेगरात नाहीतर चिंचेच्या पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात विसळा, लगेच सुकवा आणि तेलाचे बोट लावा.

पाचवी पायरी, प्रायमर. थिनरच्या फडक्याने जागा पुसा. तेलकट बोटही लागू देऊ नका. भोवती वर्तमानपत्र आणि टेप लावा. मग त्याच दिवशी प्रायमर लावा. उघडे लोखंड रात्रभर ठेवायचे नाही. ट्रॉलीला किंवा फाटकाला रेड ऑक्साईड चालते. गाडीच्या पत्र्याला एपॉक्सी प्रायमर अधिक चांगला, कारण तो ओलावा कमी जाऊ देतो.

सहावी पायरी, लांबी. खळगा असेल तरच लांबी लावा. प्रायमरवर लावा, गंजावर कधीही नाही. पातळ लावा, दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त नको. लांबी पाणी शोषते. जाड थर दिला की तो चिरतो आणि पाणी आतच धरून ठेवतो. आमच्या रंगवाल्याच्या कामात नेमके हेच झाले होते. लांबी वाळली की बारीक पेपरने सारखी करा आणि वरून पुन्हा प्रायमरचा हात द्या.

सातवी पायरी, रंग. एक जाड हात देण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात द्या. इथे एक गंमत झाली. एक तरुण पोरगा पहिला हात देऊन लगेच दुसरा द्यायला निघाला. वर्गातल्या एक मावशी डबा हातात घेऊन बसल्या होत्या. त्यांनी डब्यावरच्या हिंदी मजकुरावर बोट ठेवले, एकेक अक्षर जुळवले आणि म्हणाल्या, "थांब रे बाबा. हितं लिवलंय, पहिला हात वाळू द्यायचा म्हणून. लई घाई करू नको." पोरगा थांबला. सहा महिन्यांपूर्वी त्या मावशी अंगठा उठवत होत्या. त्या दिवशी त्यांच्या वाचण्याने आमचा रंग वाचला.

आठवी पायरी, पट्टी बसवणे. आधी पट्टी पाहा. काळी रंगवलेली लोखंडी पट्टी असेल तर तिलाही असेच घासून, प्रायमर देऊन रंगवा. चकचकीत मुलामा दिलेली असेल आणि नुसते ठिपके पडले असतील, तर चांदीचा कागद पाण्यात भिजवून हलके घासा. पुष्कळ ठिपके जातात. मुलामाच सोलून निघाला असेल तर तो घरी देता येत नाही. मग ती पट्टी काळी रंगवा नाहीतर दुसरी आणा. रबर कडक झाले असेल तर नवे घाला. रबराला पैसे वाचवू नका. सारा पाऊस तेच अडवते. तुटक्या क्लिपाही बदला.

रंग चांगला कडक होऊ द्या. मगच, त्या कागदावरचे आकडे पाहून, पट्टी बसवा.

एक तांब्या पाणी

झाले का काम? नाही. खरी परीक्षा पुढे आहे.

दाराच्या तळाशी वाकून पाहा. तिथली भोके शोधा. काडीने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने ती मोकळी करा. मग काच वर करून तिच्यावर बाहेरून एक तांब्या पाणी सावकाश ओता. खाली भोकांतून पाणी टपकले पाहिजे. टपकले तर दार निरोगी. नाही टपकले तर पाणी आत साचते आहे. मग वरचा रंग कितीही चमको, एका पावसाळ्यात तो पुन्हा उठेल.

आमच्या दारावर आम्ही एक तांब्या ओतला. आधी काहीच आले नाही. मग काडी घातली. काळा चिखल आला, त्यामागून गढूळ पाणी आले आणि शेवटी स्वच्छ पाणी आले. भोवती उभी असलेली मुले टाळ्या पिटू लागली. आम्हाला मात्र ती भादव्यातली रात्र आठवली. काडीभर काम होते. ते आम्ही वर्षभर केले नव्हते.

आतल्या कुलपाला आणि बिजागऱ्यांना तेल द्या. दाराच्या आतल्या खालच्या कडेला गंज रोखणारे मेण फवारता येते. पण ते भोकांत बसू देऊ नका.

जिथे आपले काम नाही

आता एक इशारा. सगळेच काम घरी करायचे नसते. पेचकसाचे टोक पत्र्यातून आरपार गेले, तर त्यावर लांबी थापू नका. तिथला पत्रा कापून नवा जोडावा लागतो. ते वेल्डरचे काम. दाराच्या बिजागऱ्या जिथे जोडल्या आहेत तो खांब, पायाखालचा उंबरा, सीटच्या पट्ट्याची जागा, इथे गंज असेल तर गाडी लगेच जाणत्याकडे न्या. अपघातात माणसाला वाचवणारी ही हाडे आहेत. हाड मोडले तर आपण हळद लावून बसतो का?

वेल्डरला एवढेच सांगा की दाराच्या आतले रबर, कापड आणि तारा आधी काढून घे, आणि जोडाला आतूनही रंग दे.

जुनी गाडी घेताना

जुनी गाडी घेणाऱ्यांनीही ऐकावे. नवा कोरा रंग पाहून भुलू नका. एक लहान चुंबक खिशात न्या. तो मऊ फडक्यात गुंडाळून दारावर, पट्टीच्या खाली, चाकांच्या वर फिरवा. लोखंडाला तो धरतो. खाली जाड लांबी असली की पकड सुटते. मग समजा, इथे काहीतरी झाकले आहे. पायाखालची चटई उचलून पाहा. आणि तांब्याभर पाणी ओतायला मालकाची परवानगी मागा.

कागदही स्वतः वाचा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. नंतर गाडी दाखवून, ती रस्त्यावर चालण्याजोगी आहे असे ठरले, तर पाच वर्षांसाठी नोंदणी नवी होते. आपल्या जालन्याच्या गाडीवर एमएच २१ असे असते. पण नुसती पाटी पाहू नका. नोंदणी केव्हा संपते ती तारीख पाहा. साऱ्या गाडीचा रंगच बदलायचा असेल तर आरटीओत त्याची नोंद करावी लागते, हेही ध्यानात ठेवा.

लोखंडाची किंमत

जाता जाता दोन शब्द लोखंडाविषयी.

दिल्लीला मेहरौलीत एक लोखंडी खांब आहे. सुमारे सात मीटर उंच, सहा टनांहून जड. सोळाशे वर्षे तो ऊनपावसात उभा आहे आणि अजून शाबूत आहे. आपल्या देशातल्या कारागिरांनी तो घडवला. त्याच्या लोखंडात स्फुरद जास्त आहे. त्यामुळे त्याच्या अंगावर एक पातळ, घट्ट थर तयार झाला आणि त्या थराने आतले लोखंड राखले. आपण दाराला लावले ते औषध थोडे त्याच जातीचे काम करते.

आपल्या जालना शहरातही लोखंडाचे मोठे कारखाने आहेत. भंगार वितळवून तिथे सळया करतात. जुनी पेटी, मोडका नांगर, गाडीचा पत्रा, सारे तिथे नवा जन्म घेते. पण जे गंजून भुकटी झाले, मातीत पडले, वाऱ्यावर गेले, ते कोण वितळवणार? भंगारवालाही वजन करण्याआधी गंज झटकून टाकतो. लोखंडासाठी जमीन खणावी लागते, कोळसा जाळावा लागतो, मजुराचा घाम गाळावा लागतो. ते आपल्या दाराशी फुकट झिजू देणे हे शेतकऱ्याला शोभत नाही.

म्हणून मंडळी, एवढे करा. खत आणले की त्याच दिवशी गाडी धुवा. महिन्यातून एकदा पट्टीची फट आणि दाराची भोके पाहा. हरभऱ्याएवढा फोड दिसला तर त्याच आठवड्यात घासा. आणि मृगाचा पाऊस पडण्याआधी प्रत्येक दारावर एक तांब्या पाणी ओतून पाहा.

दार म्हणजे काय, तर वेळेला उघडले पाहिजे, एवढेच. आमचे एकदा उघडले नाही. तुमचे उघडावे, म्हणून एवढे बोललो.

रामराम.